बारा पौंड पांढरी पूड : ब्रॅडफर्डचं 1858 मधलं प्रकरण

इंग्लंडमध्ये 1858 साली औषधाचं दुकान कुणीही उघडू शकत असे. परीक्षा नाही, परवाना नाही. लंडनमध्ये 1841 साली फार्मास्युटिकल सोसायटी ही औषधविक्रेत्यांची संस्था स्थापन झाली होती आणि 1852 च्या फार्मसी कायद्याने ‘फार्मास्युटिकल केमिस्ट’ ही पदवी नोंदणी झालेल्यांपुरती राखून ठेवली होती. पण ही पदवी न लावता तोच धंदा करायला कुणाची आडकाठी नव्हती. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ अशी पाटी लावायची आणि एरंडेलापासून अफूच्या अर्कापर्यंत सगळं विकायचं.

या मोकळ्या रानात कुंपण होतं ते एका विषाभोवती. सोमल, म्हणजे पांढरं आर्सेनिक, त्याच्या विक्रीवर 1851 पासून खास कायदा होता. आणि नेमक्या त्याच सोमलाने, तो कायदा लागू असताना, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात वीसच्या आसपास माणसं मारली आणि दोनशेहून जास्त आजारी पाडली. औषधाच्या दुकानाचा इतिहास शिकताना हे प्रकरण टाळून पुढे जाता येत नाही ते यामुळे. ‘नवख्या पोराने चुकीचं पीप उघडलं’ एवढ्यावर ते बरेचदा मिटवलं जातं. ते तेवढ्यावर मिटत नाही.

काय घडलं

ब्रॅडफर्डच्या ग्रीन मार्केटमध्ये विल्यम हार्डेकर नावाचा माणूस गोळ्या-मिठाईची गाडी लावायचा. पेपरमिंटच्या गोळ्यांमुळे (त्यांना ‘हंबग’ म्हणत) लोक त्याला ‘हंबग बिली’ म्हणत. गोळ्या तो स्वतः करत नसे. स्टोन स्ट्रीटवरच्या जोसेफ नील या मिठाईवाल्याकडून घाऊक घ्यायचा.

पेपरमिंटच्या गोळीत खरं तर साखर, डिंक आणि पेपरमिंटचं तेल एवढंच असायला हवं. पण साखरेवर सरकारी कर होता आणि ती महाग होती. म्हणून साखरेचा काही भाग काढून त्याजागी जिप्समची किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड घालायची, ही मिठाईच्या धंद्यातली नेहमीची रीत. बाजारात या पुडीला ‘डॅफ’ म्हणत. घेणाऱ्याला, देणाऱ्याला, दोघांनाही ते कशासाठी चाललंय हे माहीत असे. आणि ती मिळायची कुठे, तर औषधाच्या दुकानात.

नीलने आपल्या घरी राहणाऱ्या जेम्स आर्चरला डॅफ आणायला पाठवलं. दुकान होतं सुमारे तीन मैलांवर शिपलीत, बेलडन ब्रिजजवळ. मालक चार्ल्स हॉजसन. हॉजसन त्या दिवशी आजारी होता आणि गिऱ्हाइकाला सामोरा गेला विल्यम गोडार्ड हा त्याचा तरुण मदतनीस. डॅफ कुठे आहे ते गोडार्डला माहीत नव्हतं. त्याने मालकाला विचारलं. साठ्याच्या जागेत कोपऱ्यातल्या पिंपात आहे, असं उत्तर मिळालं. गोडार्डने पीप शोधलं, बारा पौंड पांढरी पूड तोलली, आर्चरच्या हवाली केली. ती सोमलाची होती.

नीलकडे जेम्स ॲपलटन हा जुना, हात बसलेला कारागीर गोळ्या करायचा. त्याने नेहमीसारखं मिश्रण मळलं. काम करताना त्याला उलट्या झाल्या, हात दुखायला लागले. तयार गोळ्यांचं रूपही त्याला वेगळं वाटलं. तरी माल तयार झाला आणि त्यातला चाळीस पौंड हार्डेकरकडे गेला. हार्डेकरलाही गोळ्या नेहमीसारख्या दिसल्या नाहीत, म्हणून त्याने नीलशी घासाघीस करून भाव कमी करून घेतला. त्याने एक चाखून पाहिली, आणि त्याचीही तब्येत बिघडली. गाडी मात्र लागलीच.

30 ऑक्टोबर 1858, शनिवार. शनिवारची संध्याकाळ म्हणजे आठवड्याची मजुरी हातात पडलेली. त्या एका संध्याकाळी साधारण पाच पौंड गोळ्या विकल्या गेल्या.

रविवारी मुलं दगावायला लागली. पहिल्या दोन मृत्यूंच्या वेळी कॉलराचा संशय आला, आणि त्यात नवल नव्हतं. उलट्या, जुलाब, पोटात पेटके, हातपाय गार पडणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. शिवाय 1848-49 आणि 1853-54 अशा दोन मोठ्या साथी इंग्लंडने नुकत्याच पाहिल्या होत्या. पण आजाऱ्यांचा आकडा वाढत गेला तशी जो तो एकच गोष्ट सांगू लागला : बाजारातल्या गोळ्या. मग उलट्या दिशेने माग काढणं फार अवघड गेलं नाही. हार्डेकर, मग नील, मग हॉजसन.

गोळ्यांत आर्सेनिक असल्याचं डॉ. जॉन बेल यांनी ओळखलं आणि फेलिक्स रिमिंग्टन या ब्रॅडफर्डमधल्या नावाजलेल्या केमिस्टने पृथक्करण करून त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या काळी यासाठी दोन परीक्षा हाताशी होत्या. 1836 ची मार्श परीक्षा : जस्त आणि आम्ल यांच्यात संशयित द्रव सोडायचा, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर गार चिनी मातीची बशी धरायची, आर्सेनिक असेल तर बशीवर काळसर, चकचकीत डाग उठतो. 1841 ची राइन्श परीक्षा त्याहून सोपी. हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना उकळायचा, त्यात तांब्याची घासून लख्ख केलेली पट्टी सोडायची, आणि पट्टीवर करडा-काळा थर धरतो का ते बघायचं. काचेची नळी, चंबू, स्पिरिटचा दिवा, तांब्याचा तुकडा एवढं सामान असलं की काम भागे. चांगल्या केमिस्टच्या मागच्या खोलीत ते असायचंच. म्हणजे ज्या प्रकारच्या दुकानातून विष बाहेर पडलं, त्याच प्रकारच्या दुकानात ते पकडायची साधनंही होती.

रिमिंग्टन यांच्या अंदाजाने एका गोळीत 14 ते 15 ग्रेन आर्सेनिक होतं. इतर अंदाज यापेक्षा थोडे कमी-जास्त आहेत, पण 4.5 ग्रेन म्हणजे सुमारे 290 मिलिग्रॅम ही मारक मात्रा धरली तर कुठलाही अंदाज घ्या, एक गोळी जीव घ्यायला पुरेशी होती. विकल्या गेलेल्या पाच पौंडांत मिळून दोनेक हजार माणसांना पुरेल इतकं विष होतं, असा हिशेब निघतो. तरी मृत्यू वीसेक. मला वाटतं, याचं श्रेय सोमलाच्याच गुणाला द्यावं लागेल : ते पोटात गेल्यावर जोराची उलटी होते, आणि पाण्यात लवकर न विरघळणारी पूड बरीचशी तशीच बाहेर पडते.

एवढं सोमल दुकानात कशाला?

आजच्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. गोळ्यांसाठी भरायच्या पुडीशेजारी पिंपभर विष?

एकोणिसाव्या शतकात सोमल ही घराघरातली वस्तू होती. उंदीर मारायला ते लागायचं. मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडांसाठी ज्या द्रावणात त्यांना बुचकळून काढत, त्यातही सोमल असे, आणि यॉर्कशायर तर लोकरीचाच मुलूख. भिंतीच्या कागदांचे हिरवे रंग आर्सेनिकचेच. पेरणीचा गहू किडू नये म्हणून त्याला चोळत. डॉक्टर लोक ‘फाउलरचं द्रावण’ म्हणून थेंबाथेंबाने तापावर आणि त्वचारोगांवर देत. ड्रगिस्टचं दुकान म्हणजे आजच्या अर्थाने फार्मसी नव्हे. रंग, तेलं, मसाले, साबणाचा माल, जनावरांची औषधं, भिंतीचं प्लास्टर आणि माणसांची औषधं हे सगळं एका छपराखाली.

त्यातही दुकानाचे दोन भाग पडत. पुढे गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर रंगीत पाण्याच्या मोठ्या काचेच्या सुरया, सोनेरी वर्खाची लॅटिन लेबलं लावलेल्या बरण्या, नावं कोरलेले लाकडी खण, पितळी तराजू, गोळ्या वळायची फळी. तिथे चिमूटभर वस्तूलाही नाव असे. मागे किंवा माळ्यावर घाऊक माल : पोती, पिंपं, खोकी. तिथे काय कुठे आहे हे मालकाच्या डोक्यात असायचं. हॉजसनच्या दुकानात ही विषाची पूड आणि प्लास्टरची पूड, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पिंपात आणि एकाच साठ्यात होती. ज्याला माहिती होती तो आजारी पडला होता, आणि जो उभा होता त्याला कोपरा एवढंच कळलं होतं.

1851 चा कायदा कुणाकडे बघत होता

या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे, आणि तोच सहसा गाळला जातो.

1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये सोमल घालून केलेल्या खुनांनी खळबळ उडवली होती. नवऱ्याला, मुलांना, दफनाच्या विम्याच्या पैशांसाठी नातेवाइकांना विष घालणाऱ्या बायकांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली असत. या भीतीतून 1851 चा आर्सेनिक कायदा आला. त्याच्या अटी पाहा. विकणाऱ्याने नोंदवहीत तारीख, वजन, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, धंदा आणि कशासाठी हवं ते लिहायचं. घेणाऱ्याने सही करायची. तो ओळखीचा नसेल तर दोघांनाही ओळखणारा साक्षीदार हवा. अल्पवयीनांना विकायचं नाही. एका टप्प्यावर तर ते केवळ प्रौढ पुरुषांनाच विकावं अशी दुरुस्ती हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आली होती. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी गृहमंत्री सर जॉर्ज ग्रे यांना सणसणीत निषेधाचं पत्र लिहिलं, आणि अखेर ते कलम कायद्यात राहिलं नाही.

म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं : काउंटरच्या पलीकडे उभा असलेला खुनी. काउंटरच्या अलीकडे काय चालतं त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. विष दुकानात कसं ठेवायचं, पिंपावर काय लिहायचं, ते खाण्याच्या वस्तूंपासून किती लांब ठेवायचं, मालक नसताना ते कुणी तोलायचं, यावर कायद्यात अक्षर नाही.

रंगाची अट त्यातल्या त्यात जवळ आली होती. एक पौंड सोमलात किमान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळूनच ते विकायचं. अन्नात घातलं तर रंग दिसावा, हा हेतू. कल्पना चांगली. पण मिसळायचं ते विकण्याआधी. साठ्यातलं पीप पांढरंच राहिलं तर कायद्याला चालत होतं. आणि रंगामुळे माल कामाचा राहणार नाही असं घेणाऱ्याने सांगितलं, तर दहा पौंड किंवा त्याहून जास्त सोमल बिनरंगाचंही देता येत होतं. आर्चरने नेलं बारा पौंड.

अर्थात गोडार्डच्या लेखी तो सोमल विकतच नव्हता. तो प्लास्टर विकत होता. नोंदवही, सही, साक्षीदार, काजळी हे सगळं ‘मी विष विकतोय’ हे विकणाऱ्याला ठाऊक आहे असं गृहीत धरूनच चालतं. तेच ठाऊक नसेल तर पूर्ण कायदा निकामी. साठ्यात येतानाच सोमलात नीळ पडली असती, तर गोडार्डला पिंपाचं झाकण उघडताच कळलं असतं, मग लेबल असो वा नसो.

चार माणसं, चार खुणा

काही तरी बिनसलंय हे कुणालाच दिसलं नाही, असं नाही. उलट, साखळीत जागोजागी खुणा होत्या, आणि काहींना त्या खटकल्याही होत्या.

वजनाची गोष्ट घ्या. आर्सेनिक ट्रायऑक्साइडची घनता 3.7 च्या घरात, जिप्समची 2.3. पूड किती दाबून भरली यावर थोडा फरक पडेल, पण बारा पौंड सोमलाचं गाठोडं बारा पौंड जिप्समपेक्षा लहानच दिसायला हवं. रोजच्या हाताला ते जाणवलं असतं. आर्चरचा हात रोजचा नव्हता, गोडार्डचाही नव्हता. तराजूने वजन चोख दाखवलं. तराजूला पूड कसली आहे हे कळत नाही.

ॲपलटनचा हात मात्र मुरलेला होता. मिश्रणाचं रूप वेगळं दिसलं, शिवाय त्याचं स्वतःचं शरीर सांगत होतं. पण मिठाईच्या कारखान्यात डॅफ कधी कसा येईल याचा नेम नसे, आणि कारागिराने मालाच्या जातीबद्दल तोंड उघडायचं तर उघडायचं कुणापुढे? भेसळीच्या धंद्यात हा एक तोटा असतोच. माल मुळात खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असलं, की तो आणखी वेगळा दिसला तरी कुणी विचारत नाही. साखर म्हणून घेतलेली पूड वेगळी दिसली असती तर नीलने दुकानदाराला जाब विचारला असता. डॅफ वेगळा दिसला तर म्हणायचं काय?

हार्डेकरने तर त्या वेगळेपणाची किंमतही ठरवली. गोळ्या नेहमीसारख्या नाहीत, म्हणून भाव पाड. नीलने पाडला. सौदा झाला तिथेच शंका मिटली. इथे दोघांनाही दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. बाजारात खराब दिसणाऱ्या मालावर हाच उपाय रोज होतो. पण या क्षणी माल परत गेला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हेही खरंच.

कोर्टात

गोडार्डला लगेच अटक झाली आणि 1 नोव्हेंबरला त्याला ब्रॅडफर्डच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं. नंतर हॉजसन आणि नील यांच्यावरही सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवून तिघांना खटल्यासाठी पाठवलं. पुढे गोडार्ड आणि नील यांच्यावरचे आरोप मागे घेण्यात आले. उरला हॉजसन. 21 डिसेंबर 1858 रोजी यॉर्कच्या असाइज न्यायालयाने (गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणारं फिरतं न्यायालय) त्याला निर्दोष सोडलं.

लोकांना चीड येणं साहजिक होतं, पण कायद्याच्या अंगाने पाहिलं तर दुसरं होणार तरी काय होतं? गोळीत प्लास्टर घालणं हा तेव्हा गुन्हा नव्हता. विषाचं पीप प्लास्टरच्या पिंपाजवळ ठेवणं गुन्हा नव्हता. नवख्या माणसाला दुकानात उभं करणं गुन्हा नव्हता. विष हातात घेतलं ते गोडार्डने, तेही मालकाच्या सांगण्यावरून. मालकाने सांगितलं ते प्लास्टर द्यायला. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान की एकट्यावर मनुष्यवध बसेना.

नंतर

दोन वाटांनी हालचाल झाली, आणि दोन्ही वाटांना मूळ दुखण्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

पहिली वाट भेसळीची. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी 1851 ते 1854 या काळात सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनच्या खाद्यपदार्थांतली भेसळ एकामागून एक उघडी पाडली होती. रंगीत मिठाईत शिसं आणि तांब्याचे रंग सापडले होते. संसदेची समिती बसली होती. कायदा मात्र रेंगाळला होता. ब्रॅडफर्डनंतर 1860 मध्ये खाद्यपेयांतल्या भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा आला. तो लंगडाच होता. पृथक्करण करणारा अधिकारी नेमायचा की नाही हे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर, आणि शिक्षा ‘जाणूनबुजून’ विकणाऱ्याला. औषधं तर त्यात नव्हतीच, ती आली 1872 मध्ये. दात असलेला कायदा 1875 चा. साखरेवरचा कर 1874 मध्ये उठला आणि डॅफचं अर्थशास्त्रच कोसळलं. गोळीतलं प्लास्टर घालवण्यात या करमाफीचा वाटा कायद्याइतकाच असावा, असं माझं मत आहे.

दुसरी वाट औषधाच्या दुकानाची. 1859 मध्ये लंडनच्या सॅव्हरी आणि बार्कर यांनी विषासाठी षटकोनी बाटलीचं पेटंट घेतलं. पुढच्या काही दशकांत अशा बाटल्यांचं पेवच फुटलं : निळ्या किंवा हिरव्या काचेच्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या, हाताला टोचतील अशा उठावाच्या. मेणबत्तीच्या उजेडात, अर्धवट झोपेत, वाचता न येणाऱ्याच्याही बोटांना कळावं की ही बाटली वेगळी आहे. त्या काळातल्या औषधी साधनांत मला ही बाटली फार हुशार वाटते. फक्त ती रुग्णाच्या उशाशी होणारी चूक थांबवते. पिंपाला कंगोरे नसतात.

1868 च्या फार्मसी कायद्याने शेवटी दुकानाच्या दारावर पहारा बसवला. ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ म्हणवून घ्यायला परीक्षा आणि नोंदणी आली. आधीपासून धंद्यात असलेल्यांना परीक्षेतून सूट. विषांची यादी झाली. त्यात सोमल, प्रुसिक ॲसिड, स्ट्रिकनीन हे तर होतेच, अफूही आली. बाटलीवर, पुडीवर, डब्यावर पदार्थाचं नाव, ‘विष’ हा शब्द आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता सक्तीचा झाला. पण हे लेबलही विकून बाहेर जाणाऱ्या मालावरचं. मागच्या खोलीतल्या साठ्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तो फार्मास्युटिकल सोसायटीने हाती घेतला. विष ठेवण्याच्या तीन पद्धती सुचवल्या : एक, तोंड बांधलेल्या किंवा कुलूपबंद भांड्यात, दोन, हाताला वेगळ्या लागणाऱ्या बाटलीत, तीन, धोकादायक वस्तूंसाठी राखलेल्या वेगळ्या खोलीत किंवा कपाटात. तिन्हींपैकी कुठलीही एक पाळा, इतकी साधी सूचना. तिला अडवलं ते सोसायटीच्याच सभासदांनी. आपल्या दुकानात काय कुठे ठेवायचं हे आम्हाला कुणी शिकवू नये, असा सूर होता. शिवाय एक व्यावहारिक भीतीही होती : नियम झाला, की तो मोडल्याचं बोट आपल्याकडेच वळणार. ही शिफारस सक्तीची होईपर्यंत एकोणिसावं शतक संपत आलं.